भिंतीतली ऊब

आमच्या वसाहतीत सगळ्या घरांना मिळून एक ऊब होती. ती ठेवायची की बंद करायची, यावर एका रविवारी हात वर करून मत घेतलं. बंद करा म्हणून जे हात वर गेले, त्यांत एक माझा होता. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी कुणाला नावं ठेवली तर हे लक्षात असू द्या.

मी चौथी शिकलेली बाई. नवरा साखर कारखान्यात बॉयलरवर होता. तो गेला, कारखान्याची खोली सोडावी लागली आणि एकुलता एक मुलगा जपानात, म्हणून मी जपानात आले. हौस म्हणून नाही. मुलाने त्सुकुबापासून गाडीने अर्ध्या तासावर, जुन्या वसाहतीत घर विकत घेतलं होतं. सात इमारती, प्रत्येकी पाच मजले, लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं, आणि दोन दारांच्या मध्ये भिंतीत एक लोखंडी झाकणाचं कपाट. दोन्ही घरांचे मीटर आणि नळ त्यात. त्या कपाटाबद्दल पुढे सांगते.

वसाहतीच्या मागे भातखाचरं आणि त्यापलीकडे कचरा जाळायचा कारखाना. त्याचं पांढरं धुराडं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. त्या जाळावर पाणी तापायचं आणि जमिनीखालच्या जाड नळांतून सातही इमारतींना यायचं. वसाहतीच्या सभागृहाला यायचं, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी एक मोठं स्नानघर होतं, त्यालाही. प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी नळ्यांची एक पेटी. थंडी सुरू झाली की एका सकाळी ती आपोआप कोमट व्हायची आणि चेरीला कळ्या येईपर्यंत तशीच राहायची. बटण नाही, काही नाही. एक चावी होती, ती रंगाचे हात देऊन देऊन गच्च बसलेली. फिरवणार कोण?

नवऱ्याचा जन्म वाफेत गेला. त्यामुळे मला त्या पेटीचं कौतुक नव्हतं, पण काम ओळखता येत होतं. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. दिवसभर घरात मी आणि ती पेटी. गुडघे तिला टेकून मी भाजी निवडायची.

समोर एक जपानी बाई राहायची. माझ्याच वयाची, एकटी. तिची माझी ओळख कचऱ्यावरून झाली. मी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने माझी कचऱ्याची पिशवी खालून परत आणली आणि दारात ठेवली. पिशवीतून पाणी गळत होतं. मला संताप आला. परदेशात येऊन शेजारणीकडून कचरा परत घ्यायचा! मी मराठीत म्हटलं, "काय झालं? तुझ्या दारात टाकला का मी?"

तिने चपला काढल्या, सरळ आमच्या स्वयंपाकघरात आली, पिशवी मोरीत उघडली आणि चहाचा चोथा, भोपळ्याच्या साली, सगळं मुठीत घेऊन पिळलं. पाणी निथळल्यावर तो गोळा वर्तमानपत्रात बांधला. मग खिडकीतून धुराडं दाखवलं. मग पेटीवर हात ठेवला. मग ओली पिशवी दाखवून नाक मुरडलं. मला कळलं. ओला कचरा जळत नाही, जाळ मंदावतो, आणि तो जाळ आपल्याच घरी येतो. बॉयलरवाल्याच्या बायकोला हे दुसऱ्या बाईने शिकवावं, याची मला लाज वाटली. तेव्हापासून मी कचरा पिळून टाकायला लागले.

ती मला "ओकुसान" म्हणायची. सुनेला अर्थ विचारला.

"म्हणजे घरची मालकीण, आई," ती म्हणाली आणि हसली. वाईट मनाने हसली नाही. पण हसली.

आता कपाटाचं. नळ त्यातूनच दोन्ही घरांत वळायचे, त्यामुळे थंडीत ते आतून छान गरम असायचं. इथल्या थंडीत ओट्यावर दही लागत नाही. मी विरजणाचं पातेलं त्या कपाटात ठेवायला लागले. सकाळी कवडी पडलेलं घट्ट दही. चार-पाच दिवसांनी पाहते तर माझं पातेलं एका कोपऱ्यात सरकवलेलं आणि बाकी जागेत तिचे टॉवेल आणि पायमोजे ठेवलेले. मी टॉवेल सरकवले. दुसऱ्या दिवशी पातेलं पुन्हा कोपऱ्यात. आठवडाभर आमचं असं चाललं, एकमेकींना तोंड न दाखवता. मग तिने कपाटाच्या फळीवर मधोमध निळी चिकटपट्टी लावली. डावीकडे मी, उजवीकडे ती. मी एका वाटीत दही घालून तिच्या बाजूला ठेवलं. वाटी धुऊन परत आली, आत दोन मंदारिन संत्री. त्यानंतर दर आठवड्याला वाटी जायची, वाटी यायची. याला मैत्री म्हणायचं तर म्हणा. मी म्हणणार नाही. मैत्रिणीशी मी पुढे वागले तसं वागत नाहीत.

इथे सहीच्या जागी शिक्का मारतात. आडनावाचा छोटा गोल शिक्का, प्रत्येक घरात असतो. वसाहतीची सूचना एका पुठ्ठ्यावर लावून दारोदार फिरते. वाचली की आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुठ्ठा पुढच्या दारात ठेवायचा. ते काम माझ्याकडे होतं. वाचता येत नसलं तरी चौकोन दिसायचा. एकदा एक कोटवाला माणूस आला, हसला, वाकला, कपडे धुण्याच्या पावडरचा पुडा हातात दिला आणि कागद पुढे केला. मी चौकोन बघून शिक्का मारला. दुसऱ्या दिवसापासून घरात जपानी वर्तमानपत्र यायला लागलं. वर्षभरासाठी. घरात ते कुणालाच धड वाचता येत नव्हतं.

मुलगा म्हणाला, "आई, तू असं कसं करतेस गं? उद्या घर लिहून देशील कुणाला."

सून त्याला म्हणाली, "जाऊ दे रे, त्यांना काय माहीत." आणि शिक्का स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. तो तिथेच राहिला. पुठ्ठ्यावर मग तीच संध्याकाळी शिक्का मारायची. वर्तमानपत्र मात्र वाया गेलं नाही. वर्षभर समोरच्या बाईने आणि मी त्यात कचरा बांधला.

ही सगळी ऊब बंद करायची, असं बोलणं त्यानंतरच्या पावसाळ्यात निघालं. जमिनीखालचे नळ जुने झालेत, कुठे कुठे गळतात, बदलायचे तर सगळी वसाहत खणावी लागेल. त्यापेक्षा जोडणी तोडावी आणि ज्याने त्याने आपापल्या घरात एसी बसवून घ्यावा. इथला एसी थंडीत गरम हवाही सोडतो. जी तरुण कुटुंबं नवीन आली होती त्यांना हे पटलं. त्यांत आमची मराठी चार घरं, झाडून सगळी. म्हाताऱ्यांना नको होतं. पण म्हातारे भांडत नाहीत इथले. वाकतात आणि गप्प बसतात.

मुलगा जेवताना सुनेला समजावून सांगत होता, की एसी म्हणजे हवं तेव्हा चालू, हवं तेव्हा बंद. "आपण दिवसभर घरी असतो कुठे? रिकामं घर तापवायचं कशाला?"

"मी असते," मी म्हटलं.

"हो गं, तुझ्यासाठी एसी असेलच ना."

"आणि समोरची?"

"तीही बसवेल. आई, तू इमोशनल होऊ नकोस."

मी रडत नव्हते, ओरडत नव्हते. पोळी वाढत होते.

साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्याकडे असंच एक होतं. सीझन चालू झाला की कुंपणाजवळच्या एका नळाला गरम पाणी यायचं. आम्ही बायका बादल्या घेऊन जायचो. पुढे गावातल्या बायकाही यायला लागल्या. कॉलनीतल्या आम्हीच तक्रार केली, आमच्यासाठीचं पाणी बाहेरच्या नेतात म्हणून. साहेबांनी ऐकलं आणि नळच काढून टाकला. गावातल्या बायकांना मिळालं नाही, आम्हालाही मिळालं नाही. पाणी गटाराला सोडलं. थंडीत गटारातून वाफा यायच्या आणि त्या बघत आम्ही बंबात जाळ घालायचो. तक्रार करायला गेलेल्या बायकांतही मी होते. मला हे आठवत होतं. पोळी वाढताना आठवत होतं. पण मी बोलले नाही. मुलाच्या घरात राहणाऱ्या बाईने किती बोलायचं, याचं एक माप असतं, आणि "मी असते" म्हणून मी माझं त्या दिवसाचं माप संपवलं होतं.

मतदानाच्या पंधरा दिवस आधी समोरची बाई दुपारी दारात आली. हातात एक कागद, त्यावर नावांची रांग आणि प्रत्येक नावापुढे लाल शिक्का. तिने कपाटाचं झाकण उघडलं, नळावर दोनदा थाप मारली, माझ्या पातेल्यावर थाप मारली, आणि हात जोडल्यासारखे केले. ऊब राहू द्या म्हणून मागणी करणारा तो कागद होता. सांगायला दुभाष्या लागला नाही.

मी रिकामे हात दाखवले. शिक्का नाही. तिला वाटलं असेल, सापडत नाही. तिने पिशवीतून शाईची लाल डबी काढली, उघडली आणि स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. अंगठा लाव.

मला जे झोंबलं ते अजून आठवतं. अंगठा! माझी आई अंगठा लावायची. रेशनच्या दुकानात, सोसायटीत, सगळ्यांसमोर, आणि कारकून शाई पुसायला चिंधीसुद्धा द्यायचा नाही. अंगठा नको म्हणून मी चौथीपर्यंत मार खात शिकले. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, मुलीला सही येते का, आणि मी त्यांच्यासमोर पाटीवर नाव लिहून दाखवलं होतं. आणि ही बाई मला अंगठाछाप समजते. शिक्का नाही म्हणजे अडाणी. वर्तमानपत्राची गोष्ट हिलाही कळली असणार, हसली असणार.

मी म्हटलं, "मला सही येते. अंगठा लावायला मी काय ढोर राखणारी आहे?" मराठीत. तिला काय कळणार? ती अंगठा तसाच वर धरून उभी होती. मी दार लावलं. आपटलं नाही, पण लावलं.

त्या आठवड्यात वाटी गेली नाही.

मतदानाच्या रविवारी मुलगा कामासाठी ओसाकाला होता. येणार नसाल तर आधी कागद भरून द्यायचा, तो द्यायचा राहून गेला होता. सुनेचा बाइतो, म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, रविवारीच असतो. एका घराला एक मत, आणि घरातलं कुणीही मोठं माणूस बसलं तरी चालतं. मुलाने फोन केला.

"आई, तू जा फक्त. पिवळं कार्ड आहे फ्रिजवर. तीनदा विचारतील. पहिलं मागच्या वर्षीच्या कामाचं, दुसरं नवीन कमिटीचं, तिसरं हीटिंगचं. तिन्ही वेळा सगळे हात वर करतील तेव्हा तू पण कर. काही समजायची गरज नाही."

"तिसऱ्याला म्हणजे बंद करा म्हणून?"

"हो. तिसऱ्याला नक्की कर. ते महत्त्वाचं आहे."

म्हणजे मला माहीत होतं. कुणी म्हणेल, बिचारीला भाषा कळत नव्हती. मला सगळं कळत होतं.

सभागृहात घडीच्या लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीलगतच्या नळांतून ऊब येत होती आणि लोकांनी कोट काढून मांडीवर घेतले होते. समोरची बाई दुसऱ्या रांगेत होती. तिने मला बघून शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली. मी तिथे बसले. जागा राखली होती, तर काय करणार?

मागच्या रांगेत आमच्यातलीच एक मुलगी होती, तिसऱ्या इमारतीतली, पुण्याची. ती वाकून माझ्या कानाशी आली. "काकू, तुम्ही आलात? भारीच! तिसऱ्याला हं काकू. झोपू नका तोपर्यंत."

"तू जागी राहा म्हणजे झालं," मी म्हटलं.

पहिल्या दोन वेळा सगळ्यांचे हात वर गेले. समोरच्या बाईचाही, माझाही. मग अध्यक्षांनी माइक धरून बरंच काही वाचलं. आमच्यातला एक इंजिनियर उठून जपानीत बोलला, भिंतीवर चित्रं दाखवली. फुटके नळ, गंजलेले सांधे. मग समोरची बाई उठली. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. फार बोलली नाही. मधे थांबली, तेव्हा मला वाटलं विसरली, पण ती खिडकीबाहेर धुराड्याकडे बोट करत होती. शेवटी वाकली आणि बसली. काय बोलली ते मला नंतर पुठ्ठ्यावरून आलेल्या कागदातून कळलं. सुनेने फोनवर भाषांतर करून वाचून दाखवलं. तिच्या सगळ्या बोलण्याची तिथे एक ओळ होती: दिवसभर घरात राहणाऱ्यांचाही विचार व्हावा, असं मत एका रहिवाशाने मांडलं.

तिसऱ्याला हात वर गेले. ती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती. मी पिवळं कार्ड धरून हात वर केला. माझं कोपर तिच्या कानाजवळ आलं. कमिटीतले दोघे टिकटिक करणारी यंत्रं घेऊन रांगांमधून मोजत फिरत होते, त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी हात वर धरून ठेवला. मुलाने सांगितलं होतं म्हणून, हे खरं. पण अंगठ्याचा राग माझ्यात होता, हेही खरं. बघ, मला अडाणी म्हणतेस ना. अडाणी बाईला पण मत आहे. असं काहीतरी माझ्या मनात होतं. सत्तरी उलटलेली बाई मी.

ठराव पास झाला. मागची मुलगी म्हणाली, "बरं झालं ना हो काकू? त्या पाइपांचा नुसता गंजका वास यायचा आमच्याकडे."

सभा संपली की ज्याने त्याने आपली खुर्ची मिटून भिंतीशी नेऊन ठेवायची, अशी इथली रीत. समोरच्या बाईने तिची खुर्ची मिटली. मग माझ्या गुडघ्याकडे बघितलं आणि माझीही मिटली. दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन गेली. परत येऊन रोजच्याएवढीच वाकली. कमी नाही, जास्त नाही. मग कोट घालून निघून गेली.

अंगठ्याचं मी सुनेला बऱ्याच दिवसांनी सांगितलं, रागानेच. ती भांडी पुसत होती. ती थांबली.

"आई, इथे शिक्का जवळ नसला की सगळेच अंगठा लावतात. मी नाही का गाडीच्या कागदांवर लावला? डॉक्टर, प्रोफेसर, सगळे लावतात. त्यात अपमान काही नसतो."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधी विचारलंत का?"

मी पुसलेली भांडी फळीवर लावायला घेतली. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड गं. तुझा एक हात नसता तरी ठराव पास झालाच असता. खूप मार्जिन होतं." असेल. म्हणून माझा हात कमी वर गेला असं होत नाही.

उन्हाळ्यात माणसं आली आणि खिडकीखालच्या पेट्या कापून घेऊन गेली. भिंतीवर जिथे त्या होत्या तिथे रंग वेगळा दिसतो. कपाटातल्या नळाच्या तोंडावर लोखंडी टोपण बसवलं. म्हाताऱ्यांचं स्नानघर त्याच पाण्यावर होतं, त्यालाही कुलूप लागलं. ते कुणी मतात धरलंच नव्हतं. म्हणजे ज्यांना माहीत होतं ते बोलले नाहीत आणि जे बोलले ते तिथे कधी गेले नव्हते.

धुराडं मात्र चालू आहे. कचरा रोज जळतो. जाळ तोच, वाफ तीच. आता ती वर आकाशात जाते. सकाळी ओट्याशी उभी राहिले की मला कारखान्याचं गटार आठवतं.

आमच्याकडे एसी आला. तो मुलाच्या फोनवरून चालतो. तो कचेरीत बसून बघू शकतो घरात किती गरम आहे ते. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. "आई, बावीसवर का केलंस? वीसवर ठेव, पुरतं. आणि तू आत पडलेली असतेस तेव्हा हॉलमधला बंद कर ना." बोलला प्रेमानेच. पण मी स्वेटर चढवला. दही आता सुनेने आणलेल्या यंत्रात लागतं. लागतं म्हणजे नुसतं जमतं, कवडी पडत नाही. कपाटाच्या फळीवर निळी चिकटपट्टी अजून आहे. दोन्ही बाजू रिकाम्या.

समोरच्या बाईनेही एसी बसवला, पण बाहेरचा पंखा फिरताना मी क्वचितच पाहिला. ती घरात कोट घालून वावरते. दार उघडलं की आतून थंड हवा येते, जिन्यापेक्षाही थंड. जिन्यात भेटली की "सामुई नेऽ" म्हणते. थंडी आहे ना, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना म्हणते, मलाही म्हणते. आणि कचरा अजून पिळून, गोळा बांधून टाकते. मी पिळायचं सोडलं. कशासाठी पिळायचं?

या थंडीत एका सकाळी मी तिचं दार वाजवलं. घरात कोणी नव्हतं. मी हातवारे केले, चहा, आमच्याकडे, गरम आहे. ती दोनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा आली. हातात पिशवी, पिशवीत दोन संत्री. रिकाम्या हाताने येत नाहीत इथे कुणी.

मी एसी बावीसवर केला. आल्याचा चहा केला. ती खुर्चीच्या कडेला बसली, कोट घालूनच. मी खूण केली, काढ, टांगते. ती हसली आणि नको म्हणाली. कप दोन्ही हातांत धरून बसली. तिची बोटं सुजून लाल झाली होती, आमच्याकडे उसाच्या सीझनमध्ये तोडणीवाल्या बायकांची होतात तशी.

मला बोलायचं होतं. नातीकडून दोन शब्द शिकून ठेवले होते. मी माझा हात वर केला, सभागृहात केला होता तसा, आणि माफी मागायचा जपानी शब्द म्हटला. तिने माझ्या हाताकडे बघितलं. मान हलवली. हो, माहीत आहे. ती शेजारीच बसली होती, तिला माहीत नसेल तर कुणाला? मग तिने चहाचा घोट घेतला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. नाही केलं असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात एसीने पीं केलं आणि त्याची झडप मिटली. दहा वाजले होते. दहाला हॉल बंद, असं मुलाने फोनमध्ये लावून ठेवलं होतं. मी रिमोट दाबला. सुरू झाला. दोन मिनिटांनी पुन्हा पीं, पुन्हा बंद. त्याला तिकडे दिसलं असणार आणि वाटलं असणार, आईचा हात लागला चुकून. मी फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे. अर्जंट आहे का काही?" तो हळू आवाजात म्हणाला.

ती माझ्याकडे बघत होती. मराठी तिला कळत नाही. पण कुणाच्या घरात कुणाला विचारावं लागतं, हे कळायला भाषा लागत नाही. मी म्हटलं असतं, हो, अर्जंट आहे, माझ्याकडे माणूस आलंय, चालू ठेव. एवढंच म्हणायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

तिने चहा संपवला. कप मोरीत नेऊन विसळून पालथा घातला. कोटाचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं. दारात वाकली, रोजच्याएवढीच. "सामुई नेऽ, ओकुसान," म्हणाली आणि समोरचं दार उघडून आत गेली.

भिंतीतली ऊब होती तेव्हा ती तिला माझ्याकडे मागावी लागत नव्हती, मला मुलाकडे मागावी लागत नव्हती. त्यानंतर मी तिला दोनदा बोलावलं. ती आली नाही.